मामासारखा डोळा

खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस खुशाल बसलेला पाहून दिव्यानीच्या कपाळाला आठी पडली. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात सकाळचा चांगला उजेड तेवढ्या एकाच खुर्चीवर पडायचा, आणि मुलांचे नकली डोळे रंगवणाऱ्या दिव्यानीचं उजेडाशिवाय पानही हलत नसे.

"भाऊ, ती माझी खुर्ची आहे."

तो धडपडून उठला. "माफ करा मॅडम... हिले ऊन पाह्यजे होतं, म्हणून—"

त्याच्या कडेवर सात वर्षांची मैना होती, उजव्या डोळ्यावर केस ओढून घेतलेली. तो तिचा मामा, घनश्याम. पोंभुर्ण्याकडच्या गावातल्या तलावावर डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन मासेमारी करणारा. मासे धरायचा बांबूचा सापळा बांधताना त्याच्या हातून कामटी सुटली आणि पोरीचा डोळा गेला. हे त्याने कुणी न विचारताच सांगितलं.

"तवापासून शाळेत जात नाई ते. पोरं हासतात. माह्यानं झालं हे, मॅडम... तिच्या तोंडाकडे पाह्याची हिंमत नाई होत."

आपली चूक इतक्या सरळ सांगणारा माणूस दिव्यानीला पहिल्यांदाच भेटत होता. बरं, त्याचे डोळेही असे की... जाऊ द्या.

माप घेऊन झालं. रंगवायच्या दिवशी मात्र पंचाईत झाली. चांगल्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं, तर मैना मान वर करीना. मग घनश्याम टेबलापलीकडे उभा राहून तलावातल्या गमती सांगू लागला. मैना त्याच्याकडे बघत राहिली आणि, खरं सांगायचं तर, दिव्यानीही.

"आज तुम्ही मले एकदाही भाऊ नाई म्हटलं," तो हळूच म्हणाला.

"कामात होते."

"हो का...?"

"आणि तुम्ही मॅडम म्हणणं कधी सोडणार?"

आठवड्याने डोळा बसवला. मैनाने केस बाजूला सारून आरशात खूप वेळ पाहिलं.

"हा माहा नाई. हा त मामाचा डोळा हाय! डोंग्यात समोर बसली का मले हाच दिसते."

दिव्यानी चपापली. मैनाचं बुबुळ गडद काळपट; आणि हे तांबूस. दहा वर्षांत हात कधी चुकला नव्हता, आणि आता चुकला तो असा! मैनाने पुन्हा केस पुढे ओढले. शाळा सोमवारी सुरू होणार होती. दिव्यानीला स्वतःचा मनस्वी राग आला.

"चूक माझी," ती म्हणाली. "मी नवा करते. पण या वेळी तुम्ही बाहेर बसायचं."

"काऊन? म्या काय केलं?"

"तुम्ही समोर असलात की... रंग चुकतो."

घनश्याम व्हरांड्यात जाऊन बसला, पण त्याचं हसू काही लपेना.

"मैना, आता तूच मास्तरीण," दिव्यानीने तिला खुर्चीवर बसवलं. "नीट बघायचं, रंग चुकला की ओरडायचं." मग काय, मैना मान ताठ करून पापणीही न हलवता तिच्या हातावर नजर ठेवून बसली.

शनिवारी नवा डोळा बसला. मैनाने सगळे केस मागे बांधले आणि धावत व्हरांड्यात गेली. "मामा, पाह्य ना माह्याकडे!"

घनश्याम तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने पाहिलं, पाहतच राहिला, आणि मग ढसाढसा रडला. दारात उभ्या दिव्यानीला त्या क्षणी कळून चुकलं, हा माणूस आपल्याला हवा आहे.

"आता कवा या लागन?" निघताना त्याने विचारलं.

"वर्षभराने. चेहरा वाढला की डोळा बदलावा लागतो."

"वर्षभर..." तो तिथेच घुटमळला. "मले नाई जमणार तेवढं थांबणं, दिव्यानी."

तिने खाली बघत ब्रश पुसला, मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "उद्या मीच पोंभुर्ण्याची बस धरते. आईला सांगून ठेवा."

"काय सांगू?"

"सांगा की... मुलगी मुलाले पाह्याले येऊन राह्यली."