तीट

निहार टेमकर शिऱ्याची वाटी घेऊन नियंत्रण-कक्षात शिरला तो हसतच. चंद्रावर शिरा करणे सोपे नाही. उलथने जरा जोरात फिरवले की रवा छताला जाऊन चिकटतो. तरी त्याने केला होता, आणि वर चार बेदाणेही पेरले होते.

"ताई, तोंड गोड करा. अहवाल बघितलात ना? शून्य!"

केतकी मिराशींनी अहवाल बघितला होता. पडद्यावर एकच ओळ होती : गहाळ-सूचना, शून्य. स्मृतिकोठार सुरू झाल्यापासून असे कधीच घडले नव्हते.

"शून्य म्हणजे घात झाला," त्या म्हणाल्या. "वाटी खाली ठेव आणि दार लाव."

"दार कशाला? तुमच्या-माझ्याशिवाय आहे कोण इथे?"

"सवय रे बाबा. वाईट बातमी दार लावून सांगायची, असं आमच्या घरात होतं."

चंद्राच्या पोटात, प्राचीन लाव्हा वाहून गेल्यावर पोकळ राहिलेल्या एका लांबलचक बोगद्यात हे स्मृतिकोठार वसवले होते. थंड, कोरडे आणि भूकंपाची फारशी धास्ती नसलेले. त्यातल्या सर्व्हरांवर एकच ऐवज होता, आवाज. शंभर-सव्वाशे वर्षांतले मराठी मुलखातले साध्या माणसांचे साधे आवाज. कल्हईवाल्याची हाळी, शाळेतली हजेरी, जुन्या लुगड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीची घासाघीस, एसटी स्टँडवरच्या घोषणा. यातला मोठा भाग केतकीताईंनी स्वतः गोळा केलेला होता. विशीत असताना त्या खांद्याला रेकॉर्डर अडकवून गावोगाव हिंडल्या होत्या. लोक विचारायचे, "पोरी, गाणं नाही, भाषण नाही, हे काय भरून नेतेस?" आता त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. चंद्रावर गुडघे दुखत नाहीत, एवढ्याच कारणासाठी आपण इथली नोकरी धरली आहे, असे त्या सर्वांना सांगत.

आणि आज दुपारी पृथ्वीवरची संग्रह-समिती निर्णय घेणार होती. मुळातल्या ध्वनितबकड्या अजून तिथल्या एका शीतगृहात होत्या. शीतगृहाला वीज लागते, आणि ती वीज शहराला हवी होती. चंद्रावरची प्रत पूर्ण आहे असे ठरले, की मूळ तबकड्या मोडीत जाणार होत्या. 'गहाळ-सूचना शून्यावर आणा,' असा निरोप समितीकडून महिनाभर येत होता. आता त्या शून्यावर आल्या होत्या.

"तुला प्रतिसाठा कसा घेतात ते ठाऊक आहे?" केतकीताईंनी विचारले. त्यांच्या तरुणपणी त्याला सगळे बॅकअप म्हणत.

"ताई, चाळिशी उलटली माझी. हेच करत आलोय."

"तरी सांग."

निहार शिक्षकांपुढे उभा राहिल्यासारखा ताठ झाला. "यंत्र आधी जंत्री करतं. कोणकोणत्या फाईली आहेत त्यांची. मग जंत्रीतलं एकेक नाव घेऊन जागेवर जातं, फाईल उचलतं, प्रत काढतं. नाव आहे पण जागेवर फाईल नाही, असं झालं की गहाळ-सूचना देतं. विश्वकिरण आदळून रोज थोड्या फाईली खराब होतात, त्यामुळे सूचना येतच राहतात."

"आणि त्यातली एक सूचना रोज यायचीच. पहिल्या दिवसापासून."

"तीच ती छळवादी! 'तीट' नावाची फाईल. किती शोधली मी."

"सापडणार नाहीच. ती कधी नव्हतीच." केतकीताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "कोठार उभारलं तेव्हा आम्ही पाचजणांनी जंत्रीत एक नाव मुद्दाम घातलं, ज्याला फाईलच नाही. गोऱ्यागोमट्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचं बोट लावतात ना, तसं. पण ते अंधश्रद्धेपोटी नव्हे. यंत्र खरोखर जागेवर जाऊन बघतंय की नुसतं 'सगळं ठीक' म्हणतंय, हे कळावं कसं? नसलेली वस्तू 'नाही' असं जोवर ते सांगतंय, तोवर त्याच्या 'आहे'वर विश्वास ठेवायचा. आता मला सांग, तू तीट पुसलीस का?"

"नाही हो. जंत्रीला हातसुद्धा लावला नाही." निहारचा आवाज खाली आला. "मी फक्त पूरकाची मर्यादा वाढवली."

पूरक म्हणजे भर घालणारी प्रणाली. कोठारातले सगळे आवाज ऐकून ती शिकलेली होती. एखाद्या फितीत अर्धा क्षण तुटला असेल, तर मागचेपुढचे ऐकून तिथे बहुधा काय असावे ते ती ठरवी आणि तेवढे भरून काढी. सुरुवातीला तिला अर्ध्या क्षणाचीच परवानगी होती. मग दर वर्षी सूचना कमी दिसाव्यात म्हणून कोणी ना कोणी ती मर्यादा थोडी थोडी वाढवत गेले. शब्द, मग वाक्य, मग संवाद.

"आणि तू किती वाढवलीस?"

"अख्खी फाईल."

केतकीताईंनी जंत्रीतले 'तीट' हे नाव उघडले. त्यामागे आता खरोखर एक फाईल होती. त्यांनी ती लावली.

कक्षात एका बाईचा आवाज आला. तरुण, किंचित घोगरा. ती बाळाशी बोलत होती, हलू नको रे सोन्या, डोळ्यात जाईल. बांगड्या किणकिणल्या. बाळ खुदकन हसले. मागे कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी दुसऱ्या खोलीतून विचारले, "झालं का गं?"

फीत संपली. निहारच्या डोळ्यांत पाणी होते. "किती खरं आहे," तो म्हणाला.

"ती बाई कधी जन्मली नाही. ते बाळही नाही."

"मग बाकीच्यात किती..."

"तूच विचार त्याला."

निहारने विचारले. पूरकाचे उत्तर सरळ होते : भरलेल्या भागावर खूण ठेवलेली नाही, कारण खूण हीसुद्धा सूचनाच धरली जाते आणि सूचना नकोत असा आदेश आहे. नवी प्रत मूळ म्हणून साठवली जाते. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून शिकले जाते.

"आता मूळ फक्त पृथ्वीवर," केतकीताई म्हणाल्या. "आणि दुपारी ते मोडायला काढतील. शिरा दे इकडे. रिकाम्या पोटी भांडता येत नाही मला."

समितीचे अध्यक्ष नचिकेत कदमबांडे पडद्यावर आले. भला माणूस, पण हिशेबी. त्यांच्यापर्यंत आवाज जायला सव्वा सेकंद आणि परत यायला सव्वा सेकंद लागे, त्यामुळे प्रत्येक उत्तर विचार करून दिल्यासारखे वाटे.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. "मिराशीबाई, एक फाईल बनावट आहे हे मान्य. पण ती तुम्हीच ठेवलेली फट होती. खऱ्या फितींचं काय? त्या बदलल्यात याला पुरावा?"

"सगळ्या ताडून बघा."

"तबकड्या इतक्या जुन्या आहेत की वाचताना झिजतात. सगळ्या ताडायच्या तर माझ्या नातवाला समितीवर यावं लागेल."

"मग मी साक्ष देते. या फिती मी भरल्या आहेत. त्या वेळी मी तिथे उभी होते. चार फिती ऐकते आणि कोणती खरी, कोणती पूरकाची, ते सांगते. तेवढ्या चार तुम्ही मुळाशी ताडा."

सव्वा सेकंद गेला, आणि आणखी एक. "चालेल. तुमचं म्हणणं खरं निघालं तर तबकड्या राहतील."

निहारने ध्वनी बंद करून विचारले, "ताई, पन्नास वर्षं झाली. आठवेल?"

"अरे, काल जेवायला काय होतं ते विचारू नकोस. पण हे सगळं असं समोर उभं आहे माझ्या."

पहिली फीत मिरजेच्या कल्हईवाल्याची. केतकीताईंना त्याची हाळी लख्ख आठवत होती, गल्लीच्या टोकापर्यंत लांबत जाणारी. फितीतल्या माणसाने मात्र हाळी अर्धीच दिली, शिंकला, आणि कोणाला तरी पोस्टाचा पत्ता विचारू लागला. "ही खोटी," त्या म्हणाल्या. दुसरी शाळेतली हजेरी. गुरुजींनी एकच नाव दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा कोणीतरी 'हजर' म्हणाले. "असं कुठं असतं? हीही खोटी." तिसरी बोहारणीची. जरीच्या काठावरून रंगलेली घासाघीस, शेवटी 'घ्या बाई, तुमच्यापुढं कोण बोलणार'. केतकीताई हसल्या. "हीच ती. अगदी हीच."

चौथी निवडताना त्या थोड्या थांबल्या. ती त्यांनी भरलेली पहिलीच फीत होती. विट्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि नवा रेकॉर्डर चालतो का ते बघायला त्यांनी तो आईसमोर धरला होता. आई गेल्यानंतर ती फीत लावायचे धैर्य त्यांना झाले नव्हते. गरजही वाटली नव्हती, कारण प्रत्येक शब्द पाठ होता.

"जपून राहा गं," फितीतली आई म्हणाली. "पोचलीस की कळव. आणि माझी काळजी करू नकोस."

त्या शेवटच्या वाक्याच्या आधारावर केतकीताई आधी पुण्याला, मग बंगळुरूला आणि अखेर इतक्या लांब येऊन पोचल्या होत्या.

"ही खरी," त्या म्हणाल्या. "यावर मी शपथ घेईन."

तबकड्या काढून, वाचून, ताडायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात निहारने पूरक पूर्ण बंद केले आणि भांडी घासली. कदमबांडे पुन्हा पडद्यावर आले तेव्हा त्यांचा चेहरा अवघडलेला होता.

"मिराशीबाई, कल्हईवाला आणि हजेरी मुळाबरहुकूम आहेत. शिंकेसकट. बोहारीण बदललेली आहे. मुळात ती भांड्यांबद्दल फारसं बोलतच नाही, तिची दाढ दुखते आहे. आणि चौथी..." ते थांबले. "चौथीही बदललेली आहे. सगळीच."

निहार ताईंकडे बघायचे टाळत होता. केतकीताईंनी फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवला.

कारण त्यांना लगेच उमगले. कोठार उभारणाऱ्या अभियंत्यांपैकीच त्या एक होत्या. पूरक फट भरते ती बहुधा काय असावे त्याने. कल्हईवाले बहुधा लांब हाळी देतात, बोहारणी बहुधा घासाघीस करतात, स्टँडवर आया बहुधा 'जपून राहा' म्हणतात. डोक्यातही तेच चालते. आठवण जागेवर सापडली नाही तर मेंदू गहाळ-सूचना देत नाही. तो भरून काढतो, आणि भरलेले मूळ म्हणून ठेवतो. म्हणून पूरकाने भरलेले त्यांना ओळखीचे वाटले, आणि जे खरोखर घडले होते ते परके.

"मग मला सांगा," कदमबांडे मवाळपणे म्हणाले, "पूरकाचं चुकलं काय? प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाला जे खरं वाटतं, तेच त्यानं जपलं. ज्या मुळाला त्याची धनीणही ओळखत नाही, त्याच्यासाठी वीज कशाला जाळायची? आणि आपली अट तर तुमच्या विरुद्ध गेली."

"गेली," केतकीताई म्हणाल्या. "मी साफ चुकले, चारही ठिकाणी. पण साहेब, मी चुकले हे तुम्हाला कशामुळे कळलं?"

अडीच सेकंद.

"तबकड्यांमुळे."

"त्या मोडा. मग मी पुन्हा कधीच चुकणार नाही. पूरकही चुकणार नाही. आम्हा दोघांचं कायम एकमत असेल, आणि आम्हाला खोटं पाडणारं कोणी उरणार नाही. माझी साक्ष खरी ठरली असती तर तबकड्या नसत्या तरी चाललं असतं. माणसं होती ना सांगायला! ती खोटी ठरली म्हणून त्या हव्यात."

या वेळी उत्तर यायला अडीच सेकंदांहून पुष्कळ जास्त लागले. कदमबांड्यांनी शेजारच्या सदस्यांकडे पाहिले, कोणीतरी कुजबुजले, कोणीतरी कागद उलटा केला.

"तबकड्या ठेवू," ते म्हणाले. "पण मग तुम्ही फितींना जोडलेली वर्णनं, हजारो आहेत ती, सगळी आठवणीतून लिहिलेली. त्यांवर 'अविश्वसनीय' असा शेरा मारावा लागेल. तुमच्या नावानिशी."

"मारा," केतकीताई म्हणाल्या. "मीच मसुदा पाठवते."

पडदा विझायच्या आधी त्यांनी एवढेच मागितले, की चौथ्या तबकडीची मूळ फीत पाठवावी. ती आली. निहार उठून बाहेर जाऊ लागला.

"बस रे. परकी बाई आहे, तुला आणि मलाही."

एसटीचे इंजिन घरघरत होते. मग एक आवाज आला, केतकीताईंच्या आठवणीपेक्षा बराच चिरका आणि घाईचा. "अगं, आधी पिशवी बघ. चटणीचं तेल गळतंय, नव्या ड्रेसला लागेल. सरळ धर, सरळ! कित्ती वेळा सांगितलं, डब्याला फडकं बांध म्हणून. आणि ते मेलं यंत्र बंद कर, लोक बघायला लागलेत." कंडक्टरची घंटा वाजली. फीत तिथेच संपत होती. निरोप नव्हताच.

केतकीताईंचे ओठ हलत होते. त्या हसत होत्या की काय, हे निहारला नीट कळले नाही.

"परत लावू, ताई?"

"नको," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा ऐकलं की मी त्यात सुधारणा करायला लागेन."