बोरीच्या डोहात सोडलेली पिल्लं

दार लोटून घ्या, पोरांनो, वारं येतंय. आणि मधे कुणी हसायचं नाही. जिच्यावर हे बेतलं ती पोरगी याच ओसरीवर बसून चहा पिऊन गेलीय. सोनाली तिचं नाव. सांगोल्याकडची, बाप मेंढरं राखणारा. शिकली, आणि सोलापुरात नदीचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. नदीत येणारं गटार अडवायचं, जलपर्णी काढायची, गाळानं भरलेले डोह मोकळे करायचे आणि चिलापी या परदेशी माशानं संपवत आणलेले आपले जुने मासे पुन्हा पाण्यात सोडायचे, असं ते काम.

गेल्या कोजागिरीची आदली रात्र. कुंभारीजवळच्या एका शेततळ्यात संस्थेनं माशांची पिल्लं वाढवली होती. ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. मैंदर्गीच्या पलीकडं बोरी नदीच्या डोहात ती सोडायची होती. उन्हात नेली तर वाटेतच मरतात, म्हणून रात्रीचा प्रवास. प्लॅस्टिकच्या मोठाल्या पिशव्या, निम्म्यात पाणी, वरच्या निम्म्यात ऑक्सिजन भरून टम्म फुगवलेल्या. सोनालीनं बसून एकेका पिशवीच्या तोंडाला रबर आवळलं, आणि जेवणं आटोपून पिकअप अक्कलकोट रोडला लागली.

गाडी शिवपुत्रची. अक्कलकोटचा पोरगा, तोंड बंद म्हणून नाही.

"ताई, येवड्याश्या पिल्लांसाठी अख्खी रात्र जागायची व्हय?"

"येवडीशीच मोठी हुत्यात की."

"आन् तितं मदतीला कोण हाय?"

"महादेवप्पा म्हणून हायत. शेजारच्या गावचे मासेमार. अजून भेट न्हाई, फोनवरच बोललोय. 'या अक्का, मी पाण्यात उतरून घेतो पिशव्या,' म्हणाले."

मैंदर्गी मागं पडली. तुरीच्या रानातून कच्ची वाट. काठावर चिखल होता, त्यामुळं गाडी वरच थांबवावी लागली. शिवपुत्र एकेक पिशवी खांद्यावर घेऊन उतरायचा, काठच्या खडकावर ठेवायचा आणि पुढची आणायला वर जायचा. सोनालीनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बॅटरी बंद केली, उजेडानं पिल्लं बिचकतात. चांदणं भरपूर होतं.

डोहात एक माणूस उभा होता.

छातीभर पाण्यात. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तोंड नीट दिसत नव्हतं. दोन्ही हात पुढं केलेले.

"महादेवप्पा मामा ना? लई लवकर आलात की!"

"आण," तो म्हणाला.

ती घोटाभर पाण्यात शिरली, पिशवी त्याच्या हातांवर ठेवली. त्याची बोटं तिच्या मनगटाला लागली. गार होती. आता इतका वेळ पाण्यात उभं राहिल्यावर गार लागणारच, असं तिला वाटलं.

"मामा, लगेच तोंड सोडू नका हां. पिशवी तशीच तरंगू द्या जरा. आतलं पाणी आन् डोहाचं पाणी सारखं झालं की मगच सोडायचं. न्हाईतर पिल्लं दगावत्यात."

ती वळली, खडकावरची दुसरी पिशवी घेतली, परत आली. त्याचे हात पुन्हा पुढं.

"अजून एक."

तिसरी. चौथी. काम सुरळीत चाललेलं. सोनालीच्या मनात पिल्लांशिवाय दुसरं काही नव्हतं. दोन वर्षं या डोहासाठी राबली होती ती. गाळ काढताना गावातल्यांशी भांडली होती, गटारासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आज कुठं त्यात जीव सोडायचा होता.

शिवपुत्रनं वरून आवाज दिला, "ताई, ही शेवटची!" त्यानं ती खडकावर ठेवली आणि गाडीचं फाळकं लावायला वर गेला.

सोनालीनं शेवटची पिशवी दिली. आणि सहज पाण्यावर नजर फिरवली.

पाणी मोकळं होतं.

एकही पिशवी तरंगत नव्हती. पोरांनो, हवा भरलेली पिशवी. दगड बांधला तरी वर येईल ती. इतक्या पिशव्या दिल्या... गेल्या कुठं?

मग तिला दुसरी गोष्ट कळली. आपण घोटाभर पाण्यात उतरलो होतो. आता पाणी कमरेच्या वर होतं. दर पिशवीमागं ती एक पाऊल आत गेली होती. आणि तो... तो तेवढाच लांब. पहिल्यांदा होता तेवढाच. हातभर.

आणि तिसरी गोष्ट. मागच्याच आठवड्यात तिनं होडीतून या डोहात दोर सोडला होता. खोली मोजायला. याच जागी. दोर संपला, तळ लागला नव्हता.

तो छातीभर पाण्यात उभा होता.

कशावर?

"अजून एक."

"सं... संपल्या, मामा."

"न्हाय."

हात पुढंच. तळवे वर. तान्हं लेकरू घ्यायला करतात ना, तसे.

"एक हाय की."

तिला ओरडायचं होतं. तिनं पाय मागं घ्यायला बघितलं. पायाखालचा चिखल हळूहळू सरकत होता. आतल्या बाजूला.

तेवढ्यात मागं काठावर मोटारसायकल थांबली. कुणीतरी उतरलं. दमलेला, साधा आवाज.

"अक्का, माफ करा हं. वाटेत पंक्चर झालं. मी महादेवप्पा."

...

सोनाली वळली नाही. समोरचं तोंड तिला आता दिसायला लागलं होतं. काय दिसलं, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काठावरून महादेवप्पाला एवढंच दिसलं, की बाई गळ्याएवढ्या पाण्यात एकटीच उभी आहे. दोन्ही हात पुढं. आणि पुढं सरकतेय.

"ब्याडाऽ! अक्का, ब्याड! नको! मागं या!"

तो कपड्यांसकट पाण्यात पडला. शिवपुत्र वरून धावत आला. दोघांनी तिला जाकिटाला धरून ओढलं. येईना. महादेवप्पा चांगला पोहणारा, पण म्हणाला, बाई जड झाली होती. दोन माणसांएवढी जड. मग एकाएकी सुटली. तिघं काठावर पडले.

डोह शांत. चांदणं तसंच.

"तितं कोण हुतं? ताई कुणाला पिशव्या देत हुत्या?" शिवपुत्रनं विचारलं.

महादेवप्पानं मान हलवली. "उजाडस्तोवर हितं बोलू नका," एवढंच म्हणाला. तिघं गाडीत काचा लावून बसले. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

सोनालीला आठवडाभर ताप होता. पण काम तिनं सोडलं नाही, बरं का. आजही ती नदीत पिल्लं सोडते. पिशवी मात्र दुसऱ्याच्या हातात देत नाही, आणि पाण्यात उभ्या माणसाशी बोलत नाही. ते असो.

उजाडल्यावर तिघं डोहाशी गेले. पलीकडच्या काठावर, जिथं जायला वाट नाही, तिथल्या कातळावर सगळ्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या. महादेवप्पा पोहत जाऊन एक घेऊन आला. टम्म फुगलेली. कुठं चीर नाही, भोक नाही. तोंडाला सोनालीनं आवळलेलं रबर, तिच्याच वेढ्यांचं, जसंच्या तसं. शिवपुत्रनं ती उन्हात धरली.

आत पाणी होतं. हवा होती.

पिल्लू एकही नव्हतं.