आत्याची मूठ

सिंदीच्या बुद्धविहारात म्हाताऱ्यांची तपासणी होती. मी सुलोचना आत्याला घेऊन गेले, तर टेबलामागचा पोरगा "जय भीम, आत्या" म्हणाला अन् तिच्या हातात मुठीचा जोर मोजायचं यंत्र दिलं. "दाबा... अजून! पूर्ण जोर लावा!" बोलत होता आत्याशी, नजर मात्र माझ्यावर. नागेश त्याचं नाव. मी तिथंच खलास... खोटं कशाला बोलू?

पुढच्या गुरुवारी तो घरी आला. मागे रीता, विहारात आत्याचं रक्त घेतलेली. त्याच्याच गाडीवर, त्याच्याच खांद्यावर हात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"रक्तात सूज वाढली की म्हातारपणी अंगातला जोर जाते," तो सांगू लागला.

"सूज? पाय तर चांगले हायेत माहे," आत्या म्हणाली.

"ते डोळ्यानं नाई दिसत, आत्या. पण तुमचं रक्त साफ आहे. तरी मुठीत जोर काऊन नाई? पुन्हा मोजावं लागते."

मग दर गुरुवार तेच. आत्याची मूठ ढिली ती ढिलीच, अन् रीता आहेच सोबत. ती हसली की तिच्या चहात साखर टाकायची मी विसरायची. मुद्दाम!

एक दिवस तो म्हणाला, "आज शेवटचं. आता आर्वीकडची गावं..."

मी कपबशी आदळली. "जा न! रीताले घेऊन जा. मले काय करायचं हाय?"

रीता खो-खो हसली. "अवं सोनम, रक्त तर मी एकदाच घेतलं. याची एकट्यानं यायची हिंमत होत नाई, म्हणून मले ओढून आणते. माहा नवरा वैतागला न घरी!"

आत्यानं गुपचूप यंत्र उचललं अन् दाबलं. काटा सर्रकन वर!

"जिंदगीभर कापूस वेचला या हातानं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी जोरानं दाबलं असतं, तर तू पुन्हा आला असता का रे?"

नागेश लाजला. "मले माहीत होतं, आत्या. पाण्यानं भरलेला गुंड उचलताना पाह्यलं होतं तुम्हाले. आजचाच खरा आकडा लिहीन मी."

"मग दर गुरुवारी काऊन आला?" मी विचारलं.

"तुह्यासाठी... अजून कोणासाठी?"

त्यानं यंत्र माझ्यापुढे धरलं. मी ते बाजूला सारलं अन् त्याचा हातच दाबला — पूर्ण जोर लावून.

"आई गं!"

"आर्वीहून बी गुरुवारी येजो," मी म्हटलं. "एकटा!"