डाव्या खांद्याचं हाड

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेत मी एकदा गटांगळी खाल्ली होती, तीही डाव्या-उजव्यावरून. हाड समोर धरलं की मला आरशातल्यासारखं उलटंच दिसायचं. पुन्हा नापास झाले तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. आईने नवा एप्रन शिवून देताना बजावलं, "ह्या खेपेला गेलीस तर हा मी स्वयंपाकाला घेईन हो!" हसत म्हणाली, पण डोळे पुसत होती.

मॅडमनी युक्ती सांगितली. डोळे मिटायचे, पिशवीत हात घालून हाड काढायचं आणि स्वतःच्या अंगाला लावून बाजू सांगायची. हाडांची खोली सांभाळणाऱ्या मामांनी एक पिशवी माझ्या नावावर दिली. वर्ग सुटले की मी तिथेच, खडखडणाऱ्या पंख्याखाली, एकटी बसायचे.

कॉलरबोनने तर जीव खाल्ला. चपटं टोक खांद्याकडे, खोबण खाली, हे पाठ होतं. हातात आलं की सगळी बोंब. एका दुपारी "उजवं" म्हणत मी ते उजवीकडे लावलं, तर माझ्या डाव्या खांद्यावर कुणीतरी दोनदा बोट टेकवलं. डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. मुकाट्याने पुन्हा डोळे मिटून हाड डावीकडे लावलं. चपखल बसलं.

मग ते रोजचंच झालं. चुकले की दुसऱ्या खांद्यावर बोट. बरोबर आलं की काही नाही. भीती वाटली का? वाटली की! पहिल्या दिवशी हाड चपखल बसताच चपला हातात घेऊन पळाले होते. पण नापास व्हायची भीती त्याहून मोठी होती. शिवाय ते बोट कधी चिडायचं नाही. एवढ्या मायेने मला कुणी शिकवलं नव्हतं.

परीक्षेला ट्रेमध्ये कॉलरबोनच.

"बाजू?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

मी डोळे मिटले. हात उजवीकडे निघाला.

डाव्या खांद्यावर बोट टेकलं. एकदा. दोनदा.

"डावं, सर."

"शाब्बास."

पास झाल्याचं आईला फोनवर रडत रडतच सांगितलं. मग पिशवी परत करायला गेले. मामा एकेक हाड काढून यादीवर खूण करत होते.

"कॉलरबोन, उजवं, एक."

"आणि डावं? मामा, हरवलं की काय माझ्याकडून?"

"अगं, अर्धाच सांगाडा आहे हा. सगळी उजवी बाजू. डावं ह्यात कधी नव्हतंच."

महिनाभर मी ते डावं हाड हाताळलं होतं. त्याची खोबण माझ्या अंगठ्याला अजून आठवत होती.

मी पिशवीला हात जोडले. "फार उपकार झाले," म्हटलं.

"माझे कसले उपकार?" मामा संकोचून म्हणाले.

मी बॅग डाव्या खांद्याला अडकवून निघाले.

जिन्यावर बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावरून घसरला. मी हात लावायच्या आत तो हळूच वर सरकला आणि जागेवर नीट बसला.