तिसरं पोर्ट

कोकण किनाऱ्याच्या क्रूझवरून परतल्यापासून अश्विनच्या अंगात समुद्र शिरला होता, आणि त्याचा ताप त्याच्या बायकोला, नीतूला होता. तीन बंदरं, बंदराबंदरावर भटकंती, वर वाइनचे घोट. लोक सहलीहून फोटो आणतात, हा पठ्ठ्या बोट घेऊन आला. गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही, ही बाब त्याला किरकोळ वाटली. इटियाडोह धरणाचं पाणी होतं ना!

धानाची कापणी आटोपली तसा जलाशयाच्या काठावर फलक लागला : ‘इटियाडोह क्रूझ. तीन पोर्ट, वाइन टेस्टिंगसह.’ वाइन म्हणजे बचत गटाच्या बायकांनी रीतसर परवाना काढून केलेली मोहफुलांची. पहिलं पोर्ट म्हणजे धरणाच्या भिंतीजवळचा धक्का, जिथे नीतू तिकिटं फाडत बसे. दुसरं म्हणजे टेकडीखालचं देऊळ. आणि तिसरं नव्हतंच.

“मंग लिहिलं कायले?” नीतूने कपाळाला हात लावला.

“क्रूझले तीन पोर्ट लागतेच. देवळाच्या पुढं भर पाण्यात इंजन बंद करू. लोक सूर्य पाहतीन, वाइन पितीन. ‘जुनं पोर्ट’ नाव देलं मी.”

“ज्या घाटाले पायरी नाही त्याले नाव?”

“घाट नको म्हणू. पोर्ट म्हण, नीतू.”

हे त्याचं पालुपद. दिवसातून दहादा ऐकावं लागे. आणि दहाही वेळा ती मुद्दाम ‘घाट’च म्हणे, कारण लग्नाला आठ वर्षं झाली तरी नवऱ्याला चिडवण्याचा हक्क तिने सोडला नव्हता. तोही वाद घालण्यात मागे हटणारा नव्हता. दोघांचा संसार त्या कटकटीवरच सुखाने चालला होता.

उद्घाटनाला तिन्ही पोर्टांच्या नावाने नारळ फुटले. तिसरा फुटला आणि सासूबाई, जमुनाबाई, खुर्चीतून उठल्या. हे घराणं कोहळी समाजाचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारं.

“घाटावर कोनाले बसवलं?” त्यांनी पोराला विचारलं.

नव्या घाटाचा नारळ फुटला की घरचा एक माणूस पायरीवर बसवायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती. पाण्याला येणाऱ्या पहिल्या बाईने त्याला हात धरून उठवायचं. तोवर त्याने उठायचं नाही.

“आई, तिथं पायरीच नाही,” अश्विन हसला.

“नारळ तं फोडला ना? बसवलं नाही तं घाट सोताच मानूस घेते.”

नीतूला वैताग आला. नवऱ्याने पाण्यात घाट काढला होता, सासू त्याला रखवालदार शोधत होती. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!

पहिल्याच आठवड्यात नागपूरचे एक काका धक्क्यावर उतरले. त्यांच्या बुटांना हिरवं शेवाळ लागलं होतं. “तिसरं पोर्ट बढिया,” ते म्हणाले. “पायऱ्या काय घडीव आहेत! फक्त तिथं एखादा माणूस बसवा. रिकाम्या पायऱ्या बऱ्या नाही वाटत.”

वाइन चढली, असं नीतूने गृहीत धरलं. पण मग रायपूरचं जोडपं तेच बोललं. मग गोंदियाच्या एक शिक्षिका, ज्यांनी थेंबही घेतला नव्हता. “वहाँ किसी को बिठाइए ना,” त्या कळवळून म्हणाल्या. बोट चालवणाऱ्या बिसरामला तिने फैलावर घेतलं.

“मी इंजन बंद करतो, बाई. लोक उतरते का नाही, मी पाहत नाही,” तो म्हणाला आणि दोरी गुंडाळायला लागला.

“पाहत कायले नाही?”

तो दोरी घेऊन बोटीकडे निघाला.

रविवारी ती स्वतः अश्विनसोबत बोटीत बसली. ऊन उतरत होतं. देऊळ मागे पडलं. चहूकडे नुसतं पाणी, काठ लांब. बिसरामने इंजिन बंद केलं आणि मान खाली घातली. कुठे काही नव्हतं. नीतूला हायसं वाटलं, आणि इतके दिवस डोकं पिकवल्याचा राग आला.

तेवढ्यात बोटीचं नाक दगडाला लागावं तसं ठक्क वाजलं.

ओल्या चुन्याचा वास आला. बोट डुलायची थांबली.

“थांबा, दोरी बांधतो,” मागून अश्विन म्हणाला. रोजच्यासारखं, सवयीने.

नीतू वळली. तो नव्हता.

पाणी वाजलं नव्हतं. दोरी मात्र ताठ होती, आणि तिचं टोक पाण्यात गेलेलं होतं.

“अश्विन!”

दोरी सैल पडली.

“हो,” दुसऱ्या बाजूने आवाज आला. तो बोटीतच उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड सुटलं. परतेपर्यंत ती त्याला बोलत होती. तो “हो” म्हणत होता. फलकावरचं तिसरं पोर्ट उद्याच्या उद्या खोड, म्हणाली. त्याने खोडलं.

नंतरचे दिवस नीतूला सुखाचे वाटले. ती मुद्दाम ‘घाट’ म्हणायची. तो “हो” म्हणायचा. आठ वर्षांनी नवरा सुधारला, असं ती बहिणीला फोनवर सांगायची. जमुनाबाईंचंच काहीतरी बिनसलं होतं. जेवायला दोघं बसली की त्या एकच ताट वाढायच्या.

“यांचं ताट?” नीतू विचारायची.

“अश्विन येऊ दे. मंग वाढतो,” त्या म्हणायच्या. समोर बसलेल्या मुलाकडे बघतही नसत. वय झालं, नीतूने मनाशी म्हटलं. आता हेही निस्तरायचं.

परवा बोट उशिरा आली. देवळापुढे इंजिन आपोआप बंद पडलं, म्हणून बिसराम पुटपुटला. त्याच शिक्षिका पुन्हा आल्या होत्या, या वेळी मैत्रिणींना घेऊन. चपलांना शेवाळ होतं. नीतूच्या शेजारी टेबलाशी अश्विन ग्लास पुसत होता. त्याच्याकडे न बघता बाई खुशीत म्हणाल्या, “आता माणूस बसवला, ते चांगलं केलं. बिचारा ठंड में बैठा है. उठ म्हटलं तर उठत नाही. तुमच्यासाठी निरोप दिला.”

“कोणता?”

“म्हणाले, नीतूले सांगा, पोर्ट नाही म्हणत आता. घाटच आहे. हात धरून उठवाले ये.”

नीतूने टेबलाची कड घट्ट धरली. मग तिने शेजारी पाहिलं.

“अश्विन?”

“हो,” तो म्हणाला, आणि पुढचा ग्लास उचलला.