फुलायच्या आधीच गेलेली आमरी

"क्रांती, माझी आमरी गेली. कुंडीसकट."

फोनवर तिसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई होत्या. क्रांती पोलिसात हवालदार होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. खारघरच्या त्या सोसायटीत तळमजल्यावर ती एकटी राहायची. आठवड्यात तिला दोन फोन यायचे, एक इन्शुरन्सवाल्यांचा आणि एक राँग नंबर. त्यामुळे चोरीची खबर ऐकून तिला आधी चक्क बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. चपला पायात सरकवून ती जिना चढली.

दुर्गाबाई सत्तरीच्या. डोळ्यांवर काळा चष्मा. दोन वर्षं त्यांना सगळं धुरकट दिसायचं. आता कुठे एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा. दुसरा भरलेला, साय धरलेला.

"कोणी आलं होतं का?"

"नाही गं. सवयीने ओतला गेला."

गॅलरीत चौदा कुंड्या असायच्या. आता तेरा. गेलेली ती आमरी, म्हणजे ऑर्किड. पण मॉलमध्ये काचेआड ठेवतात तसलं लाडावलेलं ऑर्किड नव्हे. कोकणातल्या कातळाच्या सड्यावरची, मातीत कंद धरून राहणारी, चिवट. दुर्गाबाईंच्या नवऱ्याने, किसनने, बत्तीस वर्षांपूर्वी गावाहून रुमालात बांधून आणलेली. दिवाळीनंतर तिची पानं वाळून जायची. मग सहा महिने कुंडीत नुसती कोरडी माती. पाऊस पडला की कोंब, आणि दसऱ्याच्या सुमाराला पांढरीशुभ्र फुलं. दसऱ्याला, म्हणजे अशोक विजयादशमीला, दुर्गाबाईंनी पांढरी साडी नेसायची आणि पहिलं फूल बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवायचं, हा घरचा नेम. किसन गेल्यावरही तो चुकला नव्हता. दसरा परवावर आला होता.

"कधी गेली?"

"ऑपरेशनच्या दिवशी. शालन मला सकाळी वाशीला घेऊन गेली, संध्याकाळी आलो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बघते तर जागा रिकामी."

"तीन दिवस झाले की! आणि मला आज सांगताय?"

"वाटलं, येईल परत. वाट बघितली."

कुंडी काय चालत परत येणार? क्रांतीने ते मनातच ठेवलं. कुलूप शाबूत होतं. चाव्या तीन: एक दुर्गाबाईंची, एक पोळ्यावाल्या शालनची आणि एक समोरच्या फ्लॅटमधल्या बाबासोंची.

गॅलरीत फरशीवर कुंडीचा गोल डाग होता. त्याच्या कडेला एक तुटलेलं पान पडलं होतं. लांब, आणि उभ्या घड्या पडलेलं, कागदाच्या पंख्यासारखं. क्रांतीने ते दुर्गाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं आणि परत दिलं.

भिंतीवर किसनचा फोटो होता, कुंडी कडेवर घेतलेला. फुलं पांढरी. पानं तकतकीत, गुळगुळीत. क्रांती त्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली.

पहिली गाठली सेक्रेटरी उत्कर्षाला. ग्रिलमधल्या कुंड्या काढा म्हणून तिने दोनदा नोटीस लावली होती.

"मॅडम, माझं टेन्शन वेगळंय," उत्कर्षा भडकली. "खालच्यांच्या कपड्यांवर पाणी गळतं. मी उचलल्या असत्या तर चौदाच्या चौदा उचलल्या असत्या. एकच नेऊन काय लोणचं घालू?"

मुद्दा बिनतोड होता.

शालन स्वयंपाकघरात कणीक मळत होती. "मी तर दिवसभर बाईंसंगं दवाखान्यात व्हते. खरं तर बाबासो येनार व्हते. आदल्या दिवशी म्हनाले, गुडघा दुखतोय."

"गुडघा? काल तर गेटपर्यंत चालत आले होते."

"ते मी काय सांगू?" शालनने मान खाली घातली.

राहिले बाबासो. मूळचे माण तालुक्यातले, तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. बायको वारली, मुलगा परदेशी. रोज चारच्या ठोक्याला समोरच्या घरी चहा, एवढंच काय ते त्यांचं येणं-जाणं. दार उघडलं तेव्हा दाढी वाढलेली होती. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज कित्येक दिवसांत झाला नसावा असं वाटत होतं.

"हवालदारबाई, मला काय ठावं? मी हिकडंच व्हतो."

"चहाला गेला नाहीत तीन दिवस?"

"बाईंनी आराम करावा म्हनलं."

"कुंडी कोणी नेली असेल?"

"आता जांबळी कळी धरली व्हती. कुनाचा तरी डोळा आसंल तिच्यावर."

क्रांती दारातच होती. आत गॅलरीत तुळस दिसत होती, पाण्यात बुडालेली, मुळं कुजून पिवळी पडलेली. शेजारी भरलेला तांब्या. आणि कोपऱ्यात काहीतरी गोणपाटाखाली झाकलेलं.

"बाबासो, चला माझ्याबरोबर. आणि ते गोणपाटाखालचं पण घ्या."

म्हाताऱ्याने एकदा गोणपाटाकडे पाहिलं. मग "व्हय" म्हणाला, आणि आत गेला.

दुर्गाबाईंच्या टेबलावर कुंडी ठेवली गेली. घड्यांची पानं आणि दांड्यावर नुकतंच उमललेलं जांभळं फूल. बाबासो भिंतीला टेकून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"मला पहिल्यापासून एकच गोष्ट खटकत होती," क्रांती म्हणाली. "चोराला फूल हवं असतं तर तो फुलेपर्यंत थांबला असता. फुलायच्या आधी कुंडी नेतं कोण? ती फुललेली ज्याला चालणार नाही तो. आणि नेली कधी? डोळ्याची पट्टी निघायच्या आदल्या दिवशी. म्हणजे चोराला कुंडी नको होती, ती तुम्हाला दिसायला नको होती. का? तर ही तुमची आमरी नाहीच. फोटोतलं पान गुळगुळीत आहे, फरशीवरचं घड्यांचं. किसनभाऊंची फुलं पांढरी, बाबासो मला जांभळी कळी सांगतात. नर्सरीत 'जमिनीतलं ऑर्किड द्या' म्हटलं की हीच गळ्यात मारतात. आणि दवाखान्याच्या दिवशी अचानक गुडघा दुखला. बदलली कधी, ते बाबासो सांगतील."

बाबासो कुंडीकडे बघत बोलू लागले. "मार्चात बाई पुन्याला लेकीकडं गेल्या, संघमित्राच्या बाळंतपनाला. चावी मला दिली. म्हनाल्या, बाकीच्यांना पानी घाला, त्या एकीला नगं, ती झोपलीया. पन मी माणचा मानूस. बापाच्या रानात भेगा बगत वाढलो. सुकी माती मला बगवत न्हाई. रोज एक तांब्या घालायचो. मायेनंच घालायचो हो! मे सरताना कुंडीला वास सुटला. उकरलं तर कांदा इरगळलेला. जूनच्या शेवटी बाई येनार. म्हनून हे आनून लावलं. बाईंना दिसत नव्हतं, तवर भागलं."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं आसतं तर हितला चहा बंद झाला आसता." त्यांनी डोळे पुसले. "मग मी बोलायचं कुनाशी?"

दुर्गाबाईंनी काळा चष्मा काढला.

"क्रांती, मला डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना दिसत होतं. बत्तीस वर्षं ते पान पुसलंय मी. जुलैत हात लावला तेव्हाच कळलं, ही माझी नव्हे. श्रावणभर रडले. किसनची शेवटची वस्तू होती ती. यांचा राग आला, एवढा आला की दार लावून घ्यावंसं वाटलं. पण चार वाजले की हे यायचे, आणि मी दार उघडायचे. बोलले असते तर हे लाजेने यायचेच बंद झाले असते."

"मग मला कुंडी शोधायला कशाला लावलंत?"

"कुंडी कुठली गं? तीन दिवस हे चहाला आले नाहीत. समोर जाऊन दार वाजवायचं, तर काय म्हणून वाजवू? माणूस हरवला म्हणून तक्रार कशी करू? म्हणून म्हटलं, कुंडी गेली."

त्या उठल्या, बाबासोंच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"एवढे म्हातारे कधी झालात हो तुम्ही?"

बाबासोंना हसू आलं आणि रडूही.

"परवा हेच फूल ठेवीन तसबिरीपुढे," दुर्गाबाई म्हणाल्या. "पांढरं नाही तर नाही. तुम्ही चहाला येत जा. फक्त तो तांब्या घरी ठेवून या."

प्रकरण मिटलं होतं. क्रांती दाराशी जाऊन चपला शोधू लागली. खाली तिचं घर तसंच असणार, सकाळची बशी तशीच सिंकमध्ये. आपण तीन दिवस दिसलो नाही तर कोण कुणाला फोन करील, असा विचार तिच्या मनात आला आणि एका चपलेचा पट्टा काही केल्या बोटांना सापडेना.

आत भांड्यांचा आवाज झाला. मग दुर्गाबाईंची हाक आली.

"क्रांती, तुला साखर किती?"