वेट्झेलबाईंच्या दारातली माणसं

ऐका, आणि मध्ये हसू नका. माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि थाप रचण्याइतकी अक्कल त्याच्याकडे नव्हती.

आपल्या नॉर्बीला कायद्याने शहर म्हणतात. त्रेचाळीस टाळकी, एक धान्याची कोठी, एक चर्च, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा महापौर. कोण कुठली गोळी कधी घेतं, हे सगळ्यांना पाठ. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची, झाला शेजारधर्म. अशा या शहरात एकट्या राहणाऱ्या वेट्झेलबाई स्वयंपाकघरात मरून पडल्या आणि नऊ दिवस कुणाला पत्ता नाही. नंतर जो तो म्हणे, मला वाटलं दुसरं कुणीतरी जात असेल.

गेलन ट्वेट शहराचा पाणीवाला. सगळ्या गावाला तो मूर्ख समजे, स्वतःला तेवढं वगळून. सतरा नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसहा. बाहेर मिट्ट काळोख. गारठ्याने नळ फुटू नयेत म्हणून बाईंच्या रिकाम्या घराचं पाणी बंद करायला तो गेला. वीज आठवड्यापूर्वीच तोडलेली. बॅटरी घेऊन तळघरात उतरला, कॉक फिरवला.

वर दारावर टकटक झाली.

मग शेजारच्या कार्लाचा आवाज. आत नाही येत हं, ओव्हनमध्ये पाव ठेवून आलेय. गेलनला वाटलं, आली चोंबडी. बाई असताना फिरकली नाही, आता कपबशा न्यायला आली.

पुन्हा टकटक. आता पाद्री. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणाला.

पाद्री महिन्यापूर्वीच ॲरिझोनाला राहायला गेला होता.

गेलन जागचा हलला नाही. टकटक. घाई आहे. टकटक. गाडी चालू ठेवलीय. टकटक. उद्या बघू. सगळं गाव येऊन गेलं. त्यात मीही होतो, त्यानेच नंतर सांगितलं. काय म्हणालो ते विचारू नका.

प्रत्येकाच्या मागे दार लागे. हळूच. आतून.

मग टकटक… आणि गेलनने स्वतःचा आवाज ऐकला.

"बसायला वेळ नाही, बाई. तुमचं काय, तुम्ही दिवसभर रिकाम्याच."

या वेळी दार लागलं नाही.

डोक्यावरची फळी करकरली. सपाता घासत कुणीतरी आलं… जिन्याच्या तोंडाशी थांबलं.

"ये ना, गेलन. पाचच मिनिटं."

त्याने बॅटरी वर मारली. जिन्यात कुणी नव्हतं.

बाहेर जायला वाट तेवढी एकच.

"येतो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात कुणी नाही. टेबलाशी एक खुर्ची मागे ओढलेली. तो बसला. समोर अंधार.  त्यात कुणीतरी श्वास घेत होतं.

पाच मिनिटं बसला. घड्याळ बघून. सहावं मिनिट काही त्याने दिलं नाही. आपल्याच गावचा तो.

घरी आला. कोट खुंटीला लावताना बायकोचा हात खिशाला लागला, तिने तो झटकन मागे घेतला. आत चंदेरी कागदाची पुडी होती, तिच्यात लिंबाच्या केकचे दोन तुकडे. वर चिकटपट्टीवर वेट्झेलबाईंच्या अक्षरात त्याचं नाव.

हात पोळेल इतकी गरम होती पुडी.